ठाण्यात पु-अर मुरवायचा की नुसता प्यायचा?

चहाटळ, नौपाडा

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पु-अर हा चीनमधल्या युन्नानचा चहा, बहुधा दाबून चकती केलेला. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची. अशा सात एकावर एक रचून बांबूच्या सालीत बांधल्या की झाला तोंग, अडीच किलोला एक ग्रॅम कमी. जाती दोन. ‘शंग’ म्हणजे कच्चा. नवा असताना कारल्याशी स्पर्धा करतो, दहा-वीस वर्षं मुरला की मऊ, गोडसर होतो. ‘शौ’ म्हणजे पक्का. एवढं थांबायला वेळ कोणाला, म्हणून १९७०च्या दशकात कारखान्यांनी पानांचा ढीग घालून, पाणी मारून दीड-दोन महिन्यांत आंबवायची युक्ती काढली.

माझं मत सांगून टाकतो. ठाण्यात राहणाऱ्याने शंग मुरवायच्या फंदात पडू नये. एक चकती आणावी, प्यावी, संपली की दुसरी आणावी.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २०१९ मध्ये चार चकत्या घेतल्या. दोन आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत घालून पोटमाळ्यावर, एक कपाटात, एक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरणी सोड्याने तीनदा धुतली होती, तरी चहाला मोहरीचा वास लागला तो लागलाच. कपाटातल्या चकतीच्या खालच्या खणात बायकोच्या पैठण्या आणि पैठण्यांत डांबराच्या गोळ्या, त्यामुळे तिच्याबद्दल न बोललेलं बरं. मागच्या रविवारी, तीन आठवडे ऊन दिसलं नाही म्हणून धास्तीने ट्रंक उघडली. एरवी वेष्टणाचा कागद उलगडताना करकरतो. या वेळी सादळलेल्या पापडासारखा हातात लोळला. चकती उलटी केली. खाली मधोमध खळगा असतो ना, दाबताना कापडी पिशवीची गाठ रुतून पडलेला, त्यात रुपयाएवढं राखाडी, केसाळ काहीतरी बसलं होतं. वास ओली छत्री मिटून कोपऱ्यात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी येतो तसा.

इथे चौरस फुटाचा भाव काय, आणि आपण त्यात चिनी पालापाचोळा वीस वर्षं सांभाळणार? बोला.

खाडीकाठची, ऐरोली

सपशेल असहमत. तुमचा चहा ठाण्याच्या हवेने नाही, तुमच्या ट्रंकेने मारला. पोटमाळा दिवसा तापतो, रात्री निवतो आणि पत्र्याला आतून घाम सुटतो. तो घाम चकतीच प्यायली.

हाँगकाँग काय वाळवंटात आहे? जुन्या पु-अरची जी चव लोक डोळे मिटून वर्णन करतात, ती हाँगकाँग आणि ग्वांगदोंगच्या दमट गोदामांनी दिलेली आहे. हाँगकाँगचे व्यापारी चहा ओलसर तळघरात मुरवायचे आणि मग कोरड्या जागी हलवून कुबटपणा उडू द्यायचे. युन्नानमधल्याच कुनमिंगची हवा कोरडी, तिथे ठेवलेला शंग कितीतरी वर्षं हिरवट राहतो. आपल्याला खाडीने फुकट दिलंय ते तिथले लोक यंत्रं लावून मिळवतात.

माझ्याकडे नऊ वर्षांत अकरा चकत्या झाल्या. झिलई नसलेला मातीचा माठ, त्यात पाणी कधीच भरलेलं नाही. आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर, भिंतीपासून सुटा. देवघर आणि स्वयंपाकघर दोन्ही लांब, कारण उदबत्ती आणि हिंगाची फोडणी हा चहा आधी पितो, आपण नंतर. आर्द्रता ६० ते ७० टक्के. मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळं रबरी झाकणाच्या हवाबंद डब्यांत, ते थेट दसऱ्यानंतर बाहेर. शौचा डबा वेगळा, नाहीतर त्याचा ढिगाचा वास शंगला लागतो.

आणि ‘एकच चकती आणा’ हा सल्ला तर उलटाच आहे. एकटी चकती हवेबरोबर झोके खाते. सात एकत्र असल्या की त्या एकमेकींची ओल धरून ठेवतात. कणगीतलं धान्य आणि ताटलीतलं धान्य एकसारखं सादळतं का?

हिशेबनीस, बेलापूर

माठ-ट्रंक राहू द्या, पैशाचं बोला. २००७ साली चीनमध्ये पु-अरचे भाव आभाळाला टेकले होते. त्याच वर्षी सिमाव नावाच्या शहराने स्वतःचं नाव बदलून पु-अर करून घेतलं आणि त्याच वर्षी भाव आपटले. इथे तर चहाच्या किमतीइतकी कस्टम ड्युटी, वर कुरिअर. म्हणजे खरेदीच्या दिवशीच तुम्ही निम्म्यावर. वीस वर्षांनी विकणार कोणाला, नाक्यावरच्या टपरीला?

खाडीकाठची, ऐरोली

विकायचं कोण म्हणालं? मुलीच्या जन्मवर्षाची, २०१६ची एक चकती ठेवली आहे, ती अठराची झाली की फोडायची. मुरांबा घालताना कोणी बाजारभाव विचारतं का?

हिशेबनीस, बेलापूर

मुलगी तोवर कोल्ड कॉफी पीत असेल. शुभेच्छा.

निवृत्त परीक्षानळी, खारघर

खाडीकाठच्या ताई, ६० ते ७० हे कशावर वाचता? दोन-तीनशे रुपयांचे आर्द्रतामापक सर्रास खोटं बोलतात. घरी तपासता येतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगता कामा नये. बूच आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसलं पाहिजे. ६९ दिसलं तर पुढे सहा मिळवून वाचत जा.

यात एक गंमत आहे. पावसाळ्यात सटातलं मीठ पाझरायला लागतं तेही ७५च्या पुढे, आणि चहाला बुरशी धरायचा धोकाही साधारण तिथूनच सुरू होतो. म्हणजे प्रत्येक घरात एक मापक आहेच. फक्त बारीक मिठावर विश्वास ठेवा. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते आधीच रडायला लागतं.

बाकी चहाटळ आणि ताई दोघंही निम्मे बरोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मीठ कोरडं राहील असे दिवस बोटांवर मोजावेत. त्या काळात उघडा माठ म्हणजे आत्महत्या.

कुतूहल, नेरूळ

माझ्या चकतीवर बारीक पिवळे ठिपके आलेत. ‘सोनेरी फुलं’ चांगली असतात असं ऐकलं होतं. ठेवू ना?

निवृत्त परीक्षानळी, खारघर

नाही. ती फुलं ‘फू’ चहाच्या विटांची. हुनानकडची वेगळी जात, तिच्यात ती बुरशी मुद्दाम वाढवतात. पु-अरवर आपोआप उगवलेल्या पिवळ्याला फूल म्हणून पुजू नका. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर येणारी विषारी बुरशीही पिवळट-हिरवीच असते. टाकून द्या.

कडक स्पेशल, कळवा

आलं, गवती चहा, म्हशीचं दूध घालून चांगला खळखळून उकळा. बुरशीच काय, चीनसुद्धा निघून जाईल.

निवृत्त परीक्षानळी, खारघर

बुरशी मरेल हो. तिचं विष नाही मरत उकळून.

येऊरवाला, ठाणे

मला एक कळत नाही, चीनच का? आसामातल्या मार्घेरिटाकडे सिंगफो लोक ‘फलाप’ करतात. पानं कढईत भाजायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात टांगायची. झाड पु-अरचंच, मोठ्या पानाची आसामी जात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला तिथला चहा कळला तो सिंगफोंच्या बिसा गाम या प्रमुखाकडून. चव धुरकट, शंगसारखी नाही हे मान्य. पण मुरतो, आणि कस्टम लागत नाही.

हिशेबनीस, बेलापूर

या धाग्यावरचं पहिलं शहाणं वाक्य. पत्ता असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाडीकाठची, ऐरोली

फलाप मला आवडतो, पण तो टिकतो चुलीच्या जोरावर. आपल्या वन बीएचकेत चूल कुठे टांगणार, चिमणीखाली? फोडणीचा फलाप होईल.

चहाटळ, नौपाडा

ट्रंकेचा दोष मान्य. रात्री मिठाची चाचणी केली. माझा मापक आठने कमी दाखवतोय, म्हणजे ज्याला मी ७० समजून निवांत झोपायचो ते ७८ होतं.

पण ताई, मूळ मुद्दा सोडत नाही. वर्षातले चार महिने चहा हवाबंद डब्यात कोंडायचा असेल, तर तुम्ही खाडीची हवा वापरत नाही, तिच्यापासून चहा लपवताय. मग हाँगकाँगचा दाखला कशाला? तिथल्या व्यापाऱ्याकडे दोन गोदामं होती. माझ्याकडे एक पोटमाळा आहे, तोही पंख्याच्या खोक्यांनी भरलेला.

खाडीकाठची, ऐरोली

चार महिने लपवते, आठ महिने वापरते. आणि डब्यात कोंडला तरी तो तीस अंशांच्या उबेत असतो, कुनमिंगला तेवढी ऊब वर्षभर नाही. मे महिन्यात माठात शिरलेली ओल पुरते त्याला. माझी २०१६ची चकती मागच्या दिवाळीत थोडी टोचून चाखली. पहिल्या दोन घोटांत अजून कडूपणा आहे, पण मागून खारकेसारखं काहीतरी येतं, ते चार वर्षांपूर्वी नव्हतं.

तुमच्या ट्रंकेत दोन होत्या ना? दुसरीचं काय?

चहाटळ, नौपाडा

दुसरी खाली होती. वरून कोरडी दिसते. वास थोडा कोंदट, छत्रीएवढा नाही. फोडायचा धीर होत नाही.

खाडीकाठची, ऐरोली

वरून बघून कळत नाही, मधोमध उकलून हुंगायला हवी. आत कुबट निघाली तर टाका, नुसती कोंदट असेल तर कोरड्या डब्यात दोन-तीन महिने सुटी ठेवून बघू. शनिवारी तलावपाळीला येतेय, घेऊन या. माझ्याकडे दाभण आहे, सुरीने पानांचा भुगा होतो.

चहाटळ, नौपाडा

आणतो. डांबरवालीपण आणू?

खाडीकाठची, ऐरोली

ती पैठण्यांतच राहू द्या.