तीन वर्तुळे एका बिंदूत का मिळत नाहीत?

प्रश्न
भूकंपाचे अपिकेंद्र, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला त्याच्या नेमके वर पृष्ठभागावरचे ठिकाण, काढण्याची तीन वर्तुळांची रीत मी सध्या शिकत आहे. तीन भूकंपमापन केंद्रांच्या भूकंपलेखांत (कंपनांच्या नोंदींत) आधी पोहोचणारी वेगवान पी लहर आल्यानंतर तिच्यामागची संथ एस लहर येईपर्यंत अनुक्रमे 6, 10 आणि 15 सेकंद गेल्याचे दिसते. भूकवचात पी लहरींचा वेग सेकंदाला 6 किलोमीटर आणि एस लहरींचा 3.5 किलोमीटर धरला, तर या फरकाच्या दर सेकंदामागे 8.4 किलोमीटर अंतर येते; त्यानुसार साधारण 50, 84 आणि 126 किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे मी नकाशावर काढली. ती एका बिंदूत न मिळता एकमेकांवर चढली आणि मध्ये वक्र बाजूंचा एक त्रिकोण उरला. वेळा पुन्हा तपासल्या आहेत. त्रिकोणाचा मध्य हेच अपिकेंद्र मानावे का?

पहिले उत्तर
मध्य घेऊ नका, कारण त्या त्रिकोणातच भूकंपाच्या खोलीची माहिती दडलेली आहे. आपण काढलेले अंतर केंद्रापासून नाभीपर्यंतचे (भूकंप जिथे सुरू झाला त्या जमिनीखालच्या बिंदूपर्यंतचे), म्हणजे जमिनीखाली तिरके गेलेले आहे. तेच पृष्ठभागावर त्रिज्या म्हणून वापरल्यामुळे प्रत्येक वर्तुळ थोडे मोठे पडते, आणि सर्वांत जवळच्या केंद्राचे सर्वांत जास्त. त्याऐवजी दोन-दोन वर्तुळे जिथे छेदतात त्या बिंदूंना जोडणाऱ्या सामाईक जीवा काढा. तिन्ही जीवा जिथे मिळतील ते अपिकेंद्र. समजा, ते पहिल्या केंद्रापासून नकाशावर 48 किलोमीटरवर आले, तर कर्ण 50 आणि पाया 48 असलेल्या काटकोन त्रिकोणाची उंची 14, म्हणून नाभी 14 किलोमीटर खोल.

दुसरे उत्तर
वरील रीत योग्य आहे, परंतु जीवा एका बिंदूत मिळाल्या म्हणून उत्तर बरोबर आले असे समजू नये. केंद्रे एका रेषेत नसली, तर कोणत्याही तीन वर्तुळांच्या अशा रेषा एकाच बिंदूत मिळतात. वेळ चुकीची वाचली असली तरीही. खोलीच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे लागते. 8.4 ऐवजी 8 हा गुणक धरला, तर आपले पहिले अंतर 48 किलोमीटरच भरते आणि अपिकेंद्र जागचे हलले नाही असे मानले तरी 14 किलोमीटरची खोली शून्यावर येते. वेगातली एवढी अनिश्चितता अगदी सामान्य आहे.

म्हणूनच चौथे, पाचवे केंद्र जोडून लुडविग गायगर यांनी 1910 साली मांडलेल्या पद्धतीकडे वळावे; आजची संगणकीय गणितेही मुख्यतः त्याच विचारावर उभी आहेत. स्थान, खोली आणि भूकंपाची मूळ वेळ यांचा आधी एक अंदाज घ्यायचा, त्यावरून प्रत्येक केंद्रावर लहर केव्हा पोहोचायला हवी ते काढायचे, आणि प्रत्यक्ष वेळेशी असलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज किमान होईपर्यंत अंदाज सुधारत न्यायचा. एखाद्याच केंद्राचा फरक हट्टाने मोठा राहिला, तर तिथली नोंद पुन्हा पाहावी. पुष्कळदा एस लहरीची सुरुवात पी लहरीच्या लांबलेल्या कंपनांत बुडालेली असते आणि ती उशिरा वाचली जाते. जमिनीची आडवी हालचाल टिपणाऱ्या दोन घटकांच्या नोंदींवर ती अधिक स्पष्ट दिसते.

प्रश्नकर्ता
दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. भूकंप समुद्रात झाला आणि सर्व केंद्रे किनाऱ्याच्या एकाच बाजूला असली, तर केंद्रांची संख्या वाढवून उपयोग होतो का?

दुसरे उत्तर देणारे
फारच थोडा. केंद्रे एका बाजूला दाटलेली असली, की वर्तुळे एकमेकांना अगदी निसटती छेदतात, त्यामुळे किनाऱ्यापासूनचे अंतर बरे निश्चित होते, पण किनाऱ्याला समांतर दिशेत स्थान सैल राहते. अपिकेंद्राभोवती 180 अंशांहून मोठी दिशा केंद्रांविना मोकळी असेल, तर स्थान सावधपणेच स्वीकारावे. तिथे दहा जवळजवळच्या केंद्रांपेक्षा पलीकडच्या बेटावरचे एक केंद्र अधिक मोलाचे ठरते.