शब्दचर्चा: क्रियापद चालवायचं की त्याचं संयुग्मन करायचं? (निमित्त स्पॅनिशचं)

शेवंती
मंडळी, एक अडलंय. स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीतून टिपणं लिहिते आहे. पहिल्याच धड्यात लिहिलं होतं, ‘आब्लार (बोलणे) हे क्रियापद वर्तमानकाळात असं चालतं: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान.’ प्रुफं परत आली तेव्हा ‘असं चालतं’ खोडून ‘याचे संयुग्मन पुढीलप्रमाणे होते’ केलेलं होतं. शाळेत संस्कृतच्या बाई ‘देव चालव’, ‘गम् चालव’ म्हणायच्या आणि आम्ही चालवायचो. संयुग्मन हा शब्द या अर्थाने मी आधी कुठे वाचलेला नाही. तुम्ही काय म्हणता?

दुसरं म्हणजे भूतकाळ. आब्ले (‘बोललो’) आणि आब्लाबा (‘बोलत होतो’ किंवा ‘बोलायचो’) या दोन वेगळ्या भूतकाळांना मराठीत काय नावं द्यावीत? मी ‘साधा’ आणि ‘अपूर्ण’ लिहिलंय, पण समाधान नाही.

पाटीपेन्सिल
‘चालवणे’च ठेवा, अजिबात सोडू नका. संयुग्मन म्हटलं की जीवशास्त्राच्या पुस्तकातलं स्पायरोगायरा डोळ्यासमोर येतं. हिंदी कोशातून उचललेला शब्द दिसतोय. रूपावली पाठ केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ‘चालवणे’ कळतं.

अनुस्वार
ज्यांनी संस्कृत घेतलंच नाही त्यांना कसं कळेल? आजच्या मुलांना ‘क्रियापद चालवा’ म्हटलं तर ती विचारतील, कुठे चालवू?

आणि संयुग्मन हा वाटतो तितका परका शब्द नाही. स्पॅनिशमध्ये ‘कोन्खुगार’ म्हणतात, तो लॅटिन कोन्युगारेवरून आलाय, म्हणजे एका जुवाला जुंपणं. लॅटिन युगुम, स्पॅनिश युगो, संस्कृत युग आणि आपलं बैलाच्या मानेवरचं जू हे सगळे एकाच घरातले शब्द. युज् धातूचाच हा परिवार. एकाच जुवाखाली चालणारी क्रियापदं ती एका गणाची, असा त्यामागचा विचार. आब्लार, कान्तार, त्राबाखार यांच्या मानेवर -आर चं जू. कोमेर (खाणे), बेबेर, आप्रेन्देर यांच्यावर -एर चं. बिबिर (राहणे), एस्क्रिबिर यांच्यावर -इर चं.

पाटीपेन्सिल
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण तिच्या जोरावर शब्द रुळत नाहीत. आणि तुम्ही स्वतःच ‘गण’ म्हणालात! तोच शब्द वापरू या की. संस्कृतात धातूंचे दहा गण, स्पॅनिशमध्ये तीन. ‘आब्लार पहिल्या गणातला’ म्हटलं की झालं. एकूण रूपांना ‘आख्यात’ हा निरुक्तकार यास्काच्या काळापासूनचा शब्द आहेच. मराठी व्याकरणातही ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात हे क्रियारूपांचे सगळे प्रकार आहेत.

मोंतेरेयकर
नमस्कार. नोकरीमुळे मेक्सिकोत राहतो, इथली स्पॅनिश रोज कानावर पडते. शेवंतीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण पहिल्यापेक्षा तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

आब्लाबाला ‘अपूर्ण भूतकाळ’ म्हटलंत तर मराठी वाचक ‘मी बोलत होतो’ एवढंच समजेल. ते अर्धंच झालं. ‘माद्रिदला राहत होतो तेव्हा दुपारी तीनला जेवायचो’ यातलं ‘राहत होतो’ हे बिबिआ आणि ‘जेवायचो’ हे कोमिआ. दोन्हीला स्पॅनिश एकच काळ वापरते. आपल्याकडे मात्र दोन वेगळी रूपं आहेत. ‘अपूर्ण’ नावात ‘जेवायचो’ कुठे बसतं? आणि विद्यार्थी नेमका तिथेच चुकतो. ‘लहानपणी मी रोज खेळायचो’साठी तो खुगाबा म्हणायचं सोडून खुगे म्हणतो. म्हणजे एकदाच खेळून विषय संपला.

इथल्या शाळांत आंद्रेस बेयो या व्याकरणकाराने दिलेली नावं चालतात. बेयोने 1847 साली लॅटिन अमेरिकेतल्या लोकांसाठी व्याकरण लिहिलं, त्यात आब्ले हा नुसता ‘प्रेतेरितो’ आणि आब्लाबा हा ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या बरोबरीने चालू असलेला. ‘मी आलो तेव्हा तो बोलत होता.’ आलो हा प्रेतेरितो, बोलत होता हा कोप्रेतेरितो. त्यावरून ‘सहभूत’ करता येईल.

खडूफळा
‘जेवायचो’ला मराठी व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ‘मी जेवत असे’ हे त्याचं उदाहरण. जुनं रूप त्याहून आखूड: ‘तो रोज देवळात जाई’, ‘ती पहाटे उठे’. दामल्यांच्या 1911 च्या व्याकरणात त्याला ई-आख्यात म्हटलंय. नाव तयार असताना सहभूत वगैरे नवी नाणी कशाला पाडायची? आब्लाबा हा रीतिभूत.

आणि एक गंमत पाहा. आब्लाबा म्हणजे ‘मी बोलत असे’ आणि ‘तो बोलत असे’ही. पहिल्या आणि तिसऱ्या पुरुषाचं एकवचन सारखंच. आपलंही तसंच: ‘मी जाई’, ‘तो जाई’. म्हणून एरवी ‘यो’ (मी) गाळणारी स्पॅनिश या काळात गरज पडेल तेव्हा ‘यो’ परत आणते.

मोंतेरेयकर
सर, पण मग ‘बोलत होतो’ बाहेर राहिलं. तुम्ही उलटं अर्धं घेतलंत. शिवाय ‘जाई’, ‘उठे’ आज कोण बोलतं? कविता सोडली तर कुठेही नाही. टिपणांत ‘जायचो’, ‘उठायचो’ हीच उदाहरणं द्यायला हवीत.

खडूफळा
कोणी बोलत नाही म्हणून रूप टाकून द्यायचं? ‘जाई’ या दोन अक्षरांत जे येतं त्याला तुमच्या ‘जायचो’त तीन लागतात. ‘-आयचो’ हे बोलण्यातलं रूप आहे, पाठ्यपुस्तकातलं नव्हे.

शेवंती
सर, पण पुस्तक बोलायला शिकवण्यासाठीच आहे ना. विद्यार्थिनीला ‘मी जेवायचे’ म्हणून आपली सवय सांगता आली पाहिजे, तरच कोमिआ तिच्या तोंडी बसेल. आणि हो, हे तिला मुद्दाम सांगावं लागतं की स्पॅनिशमध्ये बाईने बोललं तरी कोमिआच. मराठीत जेवायचो-जेवायचे, बोललो-बोलले असा फरक आपण करतो. तिथे क्रियापद कर्त्याचं लिंग पाहतच नाही. ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ असं कर्माप्रमाणे बदलणंही नाही. आंबा असो की पोळी, कोमी.

पाटीपेन्सिल
माझा एक विचार मांडतो, बरीच वर्षं मनात आहे. स्पेनमध्ये ‘आज जेवलो’ला ‘ओय ए कोमिदो’ म्हणतात आणि ‘काल जेवलो’ला ‘आयेर कोमी’. आजचा भूतकाळ वेगळा, कालचा वेगळा! पाणिनी आठवा: ‘अनद्यतने लङ्’. आजच्या नसलेल्या भूतकाळाचं रूप ते लङ्. म्हणजे कोमी हा सरळसरळ अनद्यतन भूत झाला. अडीच हजार वर्षांपूर्वी केलेला भेद माद्रिदच्या जेवणाच्या टेबलावर जिवंत आहे. मग ‘साधा भूतकाळ’ असं फिकं नाव कशाला द्यायचं?

मोंतेरेयकर
मेक्सिकोत आज जेवलो तरी ‘ओय कोमी’च. ब्वेनोस आइरेसमध्येही तेच ऐकाल. अनद्यतन नाव दिलंत तर लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मुलाला दुपारी जेवल्यावर काय म्हणावं कळणार नाही. आणि स्पॅनिश बोलणारे बहुसंख्य लोक इकडेच राहतात.

पाटीपेन्सिल
मान्य. पण भाषेचं मूळ घर स्पेन.

मोंतेरेयकर
मूळ घर कुठलं यावरून आज कोण कसं बोलतं ते ठरत नाही. असं म्हणायचं तर मराठी फक्त पैठणची शिकवावी लागेल.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितोय. आमच्या घरी आजी पोर्तुगीज बोलायची, त्यामुळे स्पॅनिशच्या या बहीणभाषेकडून थोडं सांगतो. तुमच्या स्पॅनिश भविष्यकाळाचे प्रत्यय तिन्ही गणांना सारखेच आहेत ना? आब्लारे, कोमेरे, बिबिरे. अख्खं मूळ रूप तसंच ठेवून पुढे -ए, -आस, -आ. कारण ते मुळात प्रत्यय नव्हतेच, ते ‘आबेर’ या क्रियापदाचे तुकडे आहेत. लॅटिनमधलं ‘कान्तारे आबेओ’, म्हणजे ‘मला गायचं आहे’, ते जुळून कान्तारे झालं. नेब्रिखाच्या 1492 च्या स्पॅनिश व्याकरणातही हे दाखवलेलं आहे.

पोर्तुगीजमध्ये तर हा सांधा अजून उसवता येतो. शिष्ट लेखनात ‘मी तुझ्याशी बोलेन’ला फालार-ते-एय लिहितात. ‘ते’ म्हणजे तुला, आणि ते थेट क्रियापदाच्या मध्ये जाऊन बसतं! फालार आणि एय पुन्हा वेगळे होतात. आजीच्या पत्रांत मी हे रूप पाहिलंय. ही गोष्ट विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितली तर भविष्यकाळ पाठ करावाच लागणार नाही.

शेवंती
किती छान सांगितलंत! हे धड्यात नक्की घालते. ‘आब्लारा म्हणजे तो बोलेल, कोमेरा म्हणजे तो खाईल, त्राबाखारा म्हणजे तो काम करेल’ अशी ओळ तिथे आहेच.

खडूफळा
करील.

शेवंती
सर?

खडूफळा
‘काम करील.’ सकर्मक धातूला -ईल, अकर्मकाला -एल. करील, मारील, पण बसेल, पडेल. तुम्ही स्पॅनिशचे तीन गण इतक्या काळजीने शिकवताय, आणि मराठीचे स्वतःचे दोन गण विसरून? कोमेमोसच्या जागी कोणी कोमिमोस म्हटलं तर तुम्ही लाल शाई काढता. मग करेलला का नाही?

अनुस्वार
कारण करेल ही चूक राहिलेली नाही. बहुतेकांच्या तोंडी करेलच आहे. ‘सांगील’ म्हणता का तुम्ही? सांगणे सकर्मक आहे. तुमच्याही तोंडून सांगेलच येत असणार.

खडूफळा
मी सांगील लिहितो.

मोंतेरेयकर
स्पॅनिशमध्येही हेच झालंय. वर्तमानात -एर आणि -इर गणांत फरक उरलाय फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत: कोमेमोस-बिबिमोस, कोमेइस-बिबिस. आब्लेच्या काळात तर दोघं पूर्ण एक: कोमी, बिबी, कोमिमोस, बिबिमोस. गण हळूहळू एकमेकांत मिसळतात. आपले करील आणि बसेल मिसळले तर आभाळ कोसळत नाही. शिवाय लॅटिन अमेरिकेत ‘बोसोत्रोस’ (तुम्ही) बोलतच नाहीत, म्हणजे कोमेइस आणि बिबिस हीसुद्धा इथे फक्त पुस्तकात.

अनुस्वार
आणि जिवंत गण एकच, -आर चा. नवीन क्रियापद आलं की ते तिथेच दाखल होतं. चॅटचं चातेआर, ट्विटचं तुइतेआर. चातेओ, चातेआस, चातेआ, सगळं सुरळीत चालतं. स्पॅनिश अकादमीच्या 2014 च्या कोशात तुइतेआर आहे. आपण मात्र ‘चॅट करणे’, ‘ट्विट करणे’ म्हणून करण्याच्या खांद्यावर सगळं टाकतो. मराठीला असा एक उघडा गण हवा होता असं मला फार मनापासून वाटतं.

पाटीपेन्सिल
आहे की. रंगवणे, हाताळणे. नामापासून धातू करायची सवय आपणच सोडली. पण तुमच्या एका वाक्याची नोंद घेतोय: ‘सगळं सुरळीत चालतं’. क्रियापद चालतं, हे तुम्हीच लिहिलंत.

अनुस्वार
लिहिलं. बोलण्याच्या ओघात तेच येतं, हे नाकारत नाही. संज्ञा म्हणून कोशात काय द्यायचं, हा माझा प्रश्न वेगळा आहे.

मांडवीकाठ
एक अडचण कोणीच काढली नाही. देवनागरीत आब्लो लिहिलंत, पण कुठलं? पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. कर्ता बदलला, काळही बदलला. स्पॅनिश लिपीत शेवटच्या ओ वर तिरपी रेघ असते. तुमच्या टिपणांत दोन्ही एकसारखे दिसतील. पोर्तुगीजला ही पंचाईत नाही, तिथे फालो आणि फालोउ अशी रूपंच वेगळी आहेत.

शेवंती
हे खरंच राहिलंय. आब्ले सुद्धा तसंच: जोर शेवटच्या अक्षरावर असला तर ‘मी बोललो’, पहिल्यावर असला तर ‘त्याने बोलावं’. अवग्रह वापरला तर? ‘आब्लोऽ’?

खडूफळा
अवग्रह लांबवण्यासाठी असतो. इथे स्वर लांबवायचा नाही, आघात द्यायचा आहे. मुलं ‘आब्लोओओ’ म्हणतील.

पाटीपेन्सिल
वैदिक स्वरचिन्ह द्या, अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ. आघातासाठी आपल्याकडे लिपी तयार आहे.

मांडवीकाठ
ऋग्वेदात ती उभी रेघ स्वरितावर असते, उदात्त, म्हणजे खरा जोराचा स्वर, बिनखुणेचा राहतो. ज्याला ते माहीत आहे तो नेमका चुकीचं अक्षर दाबेल. त्यापेक्षा ते अक्षर ठळक छापा.

मोंतेरेयकर
ठळक बरं. फोनवर वाचणाऱ्याला तेही दिसलं पाहिजे म्हणा.

जाता जाता भविष्यकाळाचं एक. ‘तो घरी असेल’ हे आपण दोन अर्थांनी म्हणतो: उद्या असेल, किंवा आत्ता असावा असा अंदाज. स्पॅनिशमध्येही एस्तारा एन कासा म्हणजे दोन्ही. ‘किती वाजले?’ विचारलं आणि घड्याळ नसलं तर इथे सेरान लास सिन्को म्हणतात, अगदी आपलं ‘पाच वाजले असतील’. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, नुसतं दाखवलं की पुरे.

अनुस्वार
मग आब्लारिआचं काय करणार? ‘मी बोलेन, पण…’ की ‘मी बोललो असतो’? बेयो त्याला पोस्प्रेतेरितो म्हणतो, म्हणजे भूतकाळातल्या क्षणानंतरचा. ‘तो म्हणाला की येईल’ यातलं ‘येईल’ स्पॅनिशमध्ये बेन्द्रिआ होतं. आपण तिथे साधा भविष्यकाळच ठेवतो.

खडूफळा
संकेतार्थ. ‘तू बोलतास तर मी बोलतो.’ द्वितीय ताख्यात, अगदी चोख बसतं.

शेवंती
सर, ‘बोलतास तर’ आज कोणी…