मदत हवी आहे: माझा अपूर्णांकांचा प्रोग्राम बाईंच्या लिनक्सवर उघडतच नाही

चुळबुळ्या
अपूर्णांक शिकवायला एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. पट्ट्या ओढायच्या, तुकडे जुळवायचे, एवढंच. पायथनमध्ये आहे, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी ही लायब्ररी, परवाना जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा). पायइन्स्टॉलरने सगळं मिळून एक फाइल केली. माझ्याकडे डबल-क्लिक केलं की सुरू होते. शाळेतल्या बाईंना दिली तर त्यांच्याकडे काहीच होत नाही. दोन्हीकडे लिनक्स मिंटच आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. सोमवारी तास आहे. "आधी पायथन टाका, मग पिप (पायथनच्या लायब्ऱ्या उतरवणारं) चालवा" असले उपाय नकोत, बाईंना टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, दाखवायचंच नाहीये.

टर्मिनलबाबा
काहीच होत नाही म्हणजे नेमकं काय? खिडकी येऊन जाते, एरर येते, की क्लिकच लागत नाही? टर्मिनलमधून चालवून काय छापतंय ते इथे टाका.

चुळबुळ्या
टर्मिनल नको हे वरच लिहिलंय.

टर्मिनलबाबा
अहो, बाईंनी नाही, तुम्ही चालवा!

रिकामटेकडी
जीकॉम्प्री टाका की. लहान मुलांसाठी शंभरावर खेळ आहेत, गणिताचेही भरपूर. २००० सालापासूनचा प्रकल्प आहे, आता केडीईकडे आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून थेट मिळतं.

चुळबुळ्या
ताई, माझा प्रोग्राम पोचवायचाय. दुसरा नकोय.

स्नॅपप्रेमी
स्नॅप पॅकेज करा, सगळं एकत्र बांधून इन्स्टॉल होतं, आणि मोकळे व्हा. अपडेटही आपोआप जातात.

जुनाखोंड
मिंटवर स्नॅप? मिंटने २० या आवृत्तीपासून स्नॅपची वाट मुद्दाम अडवून ठेवलीय. ती आधी उघडा, मग स्नॅप चालवणारं स्नॅपडी टाका, मग प्रोग्राम. बाई तोवर निवृत्त होतील. मिंटमध्ये फ्लॅटपॅक हा तसाच दुसरा प्रकार आधीपासून असतो, तो वापरा. फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅकचं ऑनलाइन दुकान) चढवलं की मेन्यूत चिन्हासकट येतं.

स्नॅपप्रेमी
आणि पहिल्यांदा रनटाइम (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्यांचा गठ्ठा) उतरवताना शेकड्यांनी एमबी जातात ते? तीन पट्ट्या ओढायला?

जुनाखोंड
रनटाइम एकदाच उतरतो, पुढचे सगळे प्रोग्राम तोच वापरतात. स्नॅपचे तसलेच गठ्ठे, बेस, काय हवेतून येतात?

क्षितिजा
तुमचं भांडण चालू द्या. चुळबुळ्या, चार गोष्टी सांग: तुझं मिंट कितवं? बाईंचं कितवं? फाइल कशावरून दिलीस? तिथे नेट आहे का?

चुळबुळ्या
माझं २१. त्यांचं बघावं लागेल. पेनड्राइव्हवरून दिली. नेट नाही.

जुनाखोंड
नेट नाही हे आधी सांगायचं होतं ना राव.

क्षितिजा
फाइल पेनड्राइव्हवरूनच उघडत होत्या का? ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्या फाइलसिस्टिमला लिनक्सच्या परवानग्या साठवताच येत नाहीत. ड्राइव्ह लावला की सहसा फक्त .ईएक्सईसारख्या दोन-तीन शेपट्यांच्या फाइलींना 'चालवता येईल' असं धरलं जातं. तुझी फाइल बिनशेपटीची. प्रॉपर्टीजमध्ये 'चालवता येईल'ची टिक लावली तरी टिकणार नाही. आधी होम फोल्डरमध्ये कॉपी कर, मग तिथे टिक लाव.

चुळबुळ्या
अरेच्चा. टिक लावली की निघून जात होती, मला वाटलं माउस खराब आहे. दुपारी जाऊन बघतो.

वेबवेडा
२०२५ नंतर डेस्कटॉप प्रोग्राम कोण लिहितं? ब्राउझरमध्ये चालणारं करा, इन्स्टॉल हा शब्दच नको. ब्राउझरमध्ये पायथन चालवणारं पायोडाइड आहे.

टर्मिनलबाबा
नेट नाही हे तीनच प्रतिसाद वर लिहिलंय. आणि क्यूटीच्या खिडक्या पायोडाइडमध्ये कशा उघडणार?

वेबवेडा
मग पुन्हा लिहायचं. शनिवार-रविवार आहे की.

चुळबुळ्या
परत आलो. होममध्ये कॉपी केल्यावर क्लिक लागलं, पण खिडकी नाहीच. टर्मिनलमध्ये चालवलं (बाबा, खूश?). शेवटची ओळ: जीलिबसी २.३५ नॉट फाउंड. त्यांचं मिंट २० निघालं.

टर्मिनलबाबा
खूश. जीलिबसी म्हणजे प्रोग्राम जिच्या आधाराने चालतात ती सिस्टिमची मूळ लायब्ररी. मिंट २१ हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २२.०४ वर बेतलेलं, त्यात जीलिबसी २.३५. मिंट २० हे २०.०४ वर, त्यात २.३१. पायइन्स्टॉलर पायथन, क्यूटी सगळं फाइलीत कोंबतो, जीलिबसी मात्र कोंबत नाही. ती समोरच्या मशीनची वापरतो. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. म्हणजे बांधणी नेहमी सगळ्यांत जुन्या मशीनवर. मिंट २० व्हर्च्युअल मशीनमध्ये (तुमच्याच संगणकात चालणारा आभासी संगणक) टाका आणि तिथे पायइन्स्टॉलर चालवा.

जुनाखोंड
किंवा बाईंचं मिंट अपग्रेड करा. २० चा सपोर्ट २०२५ मध्येच संपला.

क्षितिजा
सोमवारच्या तासासाठी दुसऱ्याच्या मशीनवर अख्खी सिस्टिम बदलायची? नको हो.

रिकामटेकडी
अवांतर: मराठी अक्षरं नीट दिसतात का? मी पायगेम या पायथनच्या खेळ-लायब्ररीत खेळ केला होता, त्यात जोडाक्षरांची पार मोडतोड झाली होती.

चुळबुळ्या
क्यूटी आहे, नीट दिसतात. फॉन्टही सोबत दिलाय.

चुळबुळ्या
व्हर्च्युअल मशीनमध्ये केलं. तिथला पायथन ३.८, माझ्या कोडमध्ये मॅच-केस ही नवी रचना. ते ३.१० पासूनचं आहे हे माझ्या गावीही नव्हतं. सात ठिकाणी जुनं इफ-एलिफ करून पुन्हा बांधलं. बाईंच्या मशीनवर उघडलं! मेन्यूत चिन्ह कसं आणायचं? आणि हो, लॅबमध्ये अजून नऊ मशीन आहेत.

क्षितिजा
मेन्यूतल्या चिन्हाची माहिती देणारी .डेस्कटॉप फाइल बनव, होममधल्या .लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये ठेव. तिच्यातल्या एक्झेकच्या ओळीत प्रोग्रामचा पूर्ण पत्ता दे. रूट (ॲडमिन) पासवर्ड लागत नाही. कॉपी, टिक आणि ही फाइल, तिन्ही कामं करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून तूच एकदा सगळीकडे फिर. बाईंना फक्त चिन्ह दिसलं पाहिजे.

चुळबुळ्या
स्क्रिप्ट झाली. सात मशीनवर चाललं. दोनांवर "एक्झेक फॉरमॅट एरर". आता हे काय?

टर्मिनलबाबा
ती दोन मशीन ३२-बिट, म्हणजे ६४-बिटच्या फाइली न चालणारी, आहेत का? मिंट १९.३ तर नाही? उबुंटूवर बेतलेल्या मिंटमध्ये ३२-बिट मिळणारं तेच शेवटचं.

चुळबुळ्या
बघून आलो. तेच आहे. दोन्हीकडे.

टर्मिनलबाबा
मग १९.३ ची ३२-बिट आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) घ्या, तिच्यात परत बांधा. ६४-बिटवर बसून ३२-बिटची फाइल पायइन्स्टॉलर काढून देत नाही. आणि तिथला पायथन ३.६ आहे, तेव्हा कोड आधी चाळा.

वेबवेडा
मी म्हटलं होतं ब्राउझर.

चुळबुळ्या
आयएसओ उतरवायला लावलीय. वॉलरस ऑपरेटर (:=, ३.६ ला न कळणारं चिन्ह) दोन ठिकाणी सापडला, काढतोय. कोणी जागं आहे का रात्री?