ब्रिटनमधलं घर, चार ओळी आणि एक सही : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या रविवारी माळ्यावरची खोकी आवरताना सासऱ्यांची एक दोनशे पानी वही सापडली, आणि काम तिथेच राहिलं.

सासरे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. २०१५ साली ते आणि सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे बर्कशरमध्ये राहायला आले होते. घरासमोरचा रस्ता ओलांडला की मुलाची शाळा. रस्ता अरुंद, गाड्या भरधाव. मुलांना हात धरून पलीकडे नेणाऱ्या लॉलीपॉपवाल्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मी काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र लिहिलं. ‘आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे’ असं छापील उत्तर आलं. चिडून दुसरं पत्र लिहायला बसले, तर सासरे म्हणाले, “सूनबाई, रागाने लिहिलेला अर्ज फायलीत जातो. आकडे दे त्यांना.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ ते नऊ आणि दुपारी तीन ते चार, कानटोपी घालून ते पुढच्या खोलीच्या खिडकीत बसायला लागले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मोटारींचा एक रकाना, ट्रकचा एक. ‘पोर एकटे’ असा तिसरा. आणि चौथा ‘थांबले’, म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्यासाठी आपणहून थांबलेल्या गाड्या. या रकान्यात कित्येक दिवस एकही रेघ नाही. एका पानाच्या समासात लिहिलंय, ‘पाऊस. बाई व बाबागाडी, ४ मिनिटे उभ्या.’

तीन आठवडे त्यांनी हे केलं. मी रोज रात्री देवनागरी आकड्यांचे तक्ते टाइप करून ठेवायची. शेजारच्या इंग्रज आजींनी अर्जावर पहिली सही केली आणि मग तो अर्ज हातात धरून सगळी गल्ली स्वतः पालथी घातली. आमचे काउन्सिलर शनिवारी सकाळी लायब्ररीत लोकांना भेटायचे. त्यांनी पहिले तीन रकाने भरभर पाहिले आणि चौथ्यावर बोट ठेवून थांबले. पुढे काउन्सिलची माणसं आली, रस्त्यावर काळ्या रबरी नळ्या आडव्या टाकून त्यांनीही गाड्या मोजल्या. सगळं होऊन पांढरे पट्टे आखले जायला अडीच वर्षं लागली. दोन्ही बाजूंना पिवळ्या गोळ्यांचे दिवे बसले त्या संध्याकाळी मी फोन घेऊन फुटपाथवर उभी राहिले आणि सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. सासरे कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. नुसते दिवे बघत होते.

तुमच्याकडे असं काही आहे का? घरात सुरू झालेलं, कागदावर उतरलेलं आणि इथल्या कारभाराला जाऊन भिडलेलं? मोठं असायला हवं असं मुळीच नाही. लिहा.

कॉव्हेन्ट्री, विद्यार्थिनी

मी २०२३च्या सप्टेंबरमध्ये नाशिकहून शिकायला आले. घरातल्या मैत्रिणीने सांगितलं की मतदार यादीत नाव घाल. मला वाटलं तिचा काहीतरी गैरसमज आहे, मी तर विद्यार्थी व्हिसावर. पण खरं होतं ते. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, इथे कायदेशीर राहत असतील तर, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. ज्या देशाने आपल्यावर राज्य केलं, त्याच्या संसदेसाठी माझं मत मोजलं जाणार, हे पचायला मला दोन दिवस लागले.

४ जुलै २०२४, गुरुवार. इथे सुट्टी नसते, पण मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालतं. फोटो असलेलं ओळखपत्र आता लागतं. आधार कार्ड चालत नाही, आपला भारतीय पासपोर्ट चालतो (नव्याने आलेल्यांनी हे लक्षात ठेवा). केंद्र चर्चच्या सभागृहात होतं. मेजामागच्या बाईंनी पट्टी ठेवून यादीतलं माझं नाव शोधलं, त्यावर रेघ मारली आणि लांब मतपत्रिका दिली. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. मशीन नाही, शाई नाही. रात्री आईने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर, “बोट दाखव.” शाई लावत नाहीत म्हटल्यावर तिला ते मतदान झाल्यासारखंच वाटेना.

लेस्टर

कॉव्हेन्ट्रीच्या ताई, तुमची ती घडी घातलेली मतपत्रिका पुढे कुठे जाते ते सांगतो. मी दोन निवडणुकांत मतमोजणीला बसलोय. काउन्सिल त्यासाठी तात्पुरती माणसं घेतं आणि पैसे देतं. कुठल्याही उमेदवाराचं काम त्या निवडणुकीत केलेलं नसावं लागतं.

क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये लांबच लांब मेजं. पेट्या आल्या की मेजावर उपड्या करतात. आधी कुणाला किती हे बघतच नाहीत. पेटीत किती कागद आहेत एवढंच मोजायचं आणि केंद्रप्रमुखाने लिहून दिलेल्या हिशोबाशी जुळवायचं. एका कागदाचा फरक पडला तरी गठ्ठा पुन्हा मोजायचा. मग उमेदवारांप्रमाणे वाटणी. समोर हातभर अंतरावर पक्षांचे प्रतिनिधी उभे राहून आपल्या बोटांकडे बघत असतात. पहाटे तीन वाजता डोळ्यांवर झापड येते, आणि त्याच वेळी हातात एक चुरगळलेली, थरथरत्या हाताने फुली मारलेली पत्रिका येते. कुणी म्हातारं माणूस काठी टेकत जाऊन आलं असणार. ती सरळ करून गठ्ठ्यात लावताना मी सावध होतो.

माझे वडील मुंबईला दादाभाई नौरोजी मार्गावर नोकरीला होते. ते दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून इथल्या संसदेवर निवडून आले, ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. त्या रात्री कुणीतरी असंच मेजाशी बसून कागद मोजले असतील, हा विचार मला दोन्ही वेळा आला.

हॅरो

माझा अनुभव ज्यूरीचा, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या बारा सामान्य माणसांत बसण्याचा. २०१८ साली टपालाने समन्स आलं आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. कोर्टाचा कागद म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी घाबरतोच. ज्यूरीसाठी नागरिकत्व लागत नाही हे मला तेव्हाच कळलं. मतदार यादीत नाव हवं आणि तेराव्या वर्षानंतर इथे किमान ५ वर्षं वास्तव्य हवं. माझा पासपोर्ट भारतीय.

शपथ कशावर घेणार असं विचारलं. गीता होती त्यांच्याकडे, कापडात गुंडाळलेली. मी हात ठेवला आणि पुढ्यातल्या कार्डावरचं वाक्य वाचलं, की पुराव्याला धरून खरा निर्णय देईन. अकरा अनोळखी माणसं आणि मी. शेजारी एक तरुण गवंडी, पलीकडे निवृत्त शिक्षिका. आरोपी इतका जवळ बसलेला की त्याच्या शर्टाची इस्त्री दिसत होती. कुणीतरी सकाळी त्याला ती करून दिली असेल, हे पहिल्याच दिवशी डोक्यात आलं आणि शेवटपर्यंत गेलं नाही.

खटल्याबद्दल घरी चकार शब्द काढायचा नाही, अशी न्यायाधीशांची सक्त ताकीद. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, “काय गं, काय झालं आज?” मी म्हटलं, “आई, सांगता येत नाही.” त्यांना आधी लागलं ते. आमच्यात लपवाछपवी नव्हती कधी. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं आणि सकाळी डब्याबरोबर सुपारीच्या डबीत चार बेदाणे आणि खडीसाखर द्यायला लागल्या. “बोलायचं नाही तर तोंडात काहीतरी ठेव,” म्हणाल्या. कोर्ट जेवणाचे दिवसाला ५ पौंड ७१ पेन्स देत होतं. मला त्या पैशांची गरज पडली नाही.

आतल्या खोलीत आम्ही बारा जण काय बोललो ते मी आजही सांगू शकत नाही, कायद्याने तो गुन्हा आहे. एवढंच सांगते की निर्णय झाल्यावर मी स्टेशनवर दोन गाड्या जाऊ दिल्या. लगेच घरी जाऊन पोळ्या लाटणं शक्यच नव्हतं.

लंडन, मूळ नागपूर

१०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं. पण निवासी घराचं संग्रहालय करायला इथे वेगळी परवानगी लागते. ती स्थानिक पातळीवर नाकारली गेली, प्रकरण जाहीर चौकशीपर्यंत गेलं. काही शेजाऱ्यांची तक्रार गर्दीची आणि आवाजाची होती.

तेव्हा समर्थनाचं पत्र लिहायला मी बसलो. पहिला खर्डा चार पानांचा. महाड, दीक्षाभूमी, आजोबांचं १९५६, सगळं त्यात आलं. इथल्या एका वकील मित्राने वाचला आणि शांतपणे सांगितलं की नियोजनाच्या कामात भावना मोजत नाहीत, जागेचा वापर, वर्दळ, वारसा याबद्दल लिही. फार लागलं मला ते. मग आठवलं, ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांनी स्वतः आयुष्यभर हेच केलं होतं. वेदना पोटात ठेवून मुद्दा कागदावर. दुसरा खर्डा एका पानाचा झाला. एकच वाक्य मी अडून राहून ठेवलं : माझी आई या घरी आली तेव्हा तिने चपला बाहेर काढल्या, उंबरठ्याला हात लावला, आणि अर्धा तास एकही शब्द न बोलता खोल्या पाहिल्या, या वास्तूला भेट देणारे लोक असे असतात. आवाजाच्या तक्रारीला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं.

२०२० मध्ये परवानगी मिळाली. माझ्या पत्राचा त्यात किती वाटा, माहीत नाही. आईला मात्र मी तो कागद वाचून दाखवला, मराठी करून.

मिल्टन कीन्झ

२१ मार्च २०२१, जनगणनेचा रविवार. लॉकडाउन होतं, सगळे घरात. ‘तुमची मुख्य भाषा कोणती?’ या प्रश्नाशी आलो. एक पर्याय इंग्रजी, दुसरा ‘अन्य’, तिथे नाव लिहायचं. मी माझ्यासमोर मराठी लिहिलं. नवऱ्यानेही. तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, “माझी इंग्रजी.”

मी म्हटलं, घरी मराठीच बोलतेस की! ती म्हणाली, “घरी बोलते. पण आई, मला राग आला की इंग्रजी येते.” खरं होतं. मी तिच्याकडून शनिवारी बाराखडी गिरवून घेतलेली, तिच्या आजीला दिवाळीला चार ओळींचं पत्र लिहायला लावलेलं. मराठीची जीसीएसई (आपल्या दहावीसारखी) परीक्षाही इथे नाही, जे काही करायचं ते घरीच. आणि सरकारी कागदावर तिने स्वतःच्या हाताने इंग्रजीवर खूण केली. मी तिला अडवलं नाही. खोटं लिहायला सांगणार होते का मी? पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि अजूनही त्या खुणेचं मला वाईट वाटतं. कुणाला असं झालंय का?

कार्डिफ

मिल्टन कीन्झच्या ताईंसाठी लिहितो. वेल्समध्ये रस्त्यावर मोठ्या अक्षरात ‘ARAF’ (उच्चार ‘अराव’) रंगवलेलं असतं. म्हणजे सावकाश. रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत. आम्ही मुलाला वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलं तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं. पण त्या शाळेत मी पहिल्यांदा अशी माणसं पाहिली ज्यांच्या आजोबांची भाषा घरातून जवळजवळ गेली होती आणि जी ती मुलांमार्फत परत आणत होती. मुलाच्या मित्राची आई चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन वेल्श शिकते आणि मुलाकडून उच्चार सुधारून घेते. सरकारने २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणाऱ्यांचं उद्दिष्ट ठेवलंय.

शाळेने पालकांना घरच्या भाषेत एक गोष्ट लिहून मागितली होती. मी चिमणी-कावळ्याची लिहिली, शेणाचं आणि मेणाचं घर. मुलाने ती वेल्शमध्ये सांगितली. तेव्हा तेरा वर्षांची होती हो तुमची मुलगी. वेल्श शिकणाऱ्या त्या बाई चाळिशीच्या आहेत.

लँकशर, निवृत्त डॉक्टर

मी १९७४ साली आलो. तेव्हा दर रविवारी निळं हवाई पत्र लिहायचं, घडीच्या कडेपर्यंत भरून, कारण दुसरा कागद घातला तर जास्त पैसे पडत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, पण आम्हाला ते लांब. गावात मराठी घर आमचं एकटंच. पत्नी गेल्यावर मी स्थानिक शाळेच्या नियामक मंडळावर आठ वर्षं काम केलं. आता लायब्ररीत मंगळवारी बसतो. ज्यांना सरकारी अर्ज भरता येत नाहीत त्यांना भरून देतो. बहुतेक गोरे म्हातारे असतात, संगणकापुढे गांगरलेले. परवा एका आजोबांनी सही करताना विचारलं, डॉक्टर, तुमचं अक्षर इतकं चांगलं कसं? मी त्यांना हवाई पत्रांबद्दल सांगितलं.

बर्कशरच्या सूनबाई, ती वही जपून ठेवा. आणि त्यातलं ‘४ मिनिटे उभ्या’चं पान जमलं तर सगळ्यांना दाखवा.