कॉलेजला सहा आठवडे आहेत, कॅल्क्युलसची उजळणी कुठून सुरू करू?

खानापूर_पीसीएम

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसी (इकडची अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून. सीईटीतून बेळगावातच व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली आहे. डेरिव्हेटिव्हची सूत्रं पाठ आहेत, पण गणित शेवटपर्यंत जात नाही. इंटिग्रेशनमध्ये तर कुठली पद्धत लावायची तेच कळत नाही. रोजचा दीड जीबी डेटा, आणि पावसात इकडं नेटवर्क आणि करंट दोन्हीचा भरवसा नाही. सगळे व्हिडिओ पहिल्यापासून बघत बसू का?

टिळकवाडी_गणित

नको. सहा आठवडे व्हिडिओतच जातील. आधी गळती कुठं आहे ते शोध.

एनसीईआरटी बारावीचे धडा ५, ६ आणि ७ उघड. प्रत्येकाच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातली पाच-पाच गणितं पुस्तक मिटून कागदावर सोडव. चुकेल त्या पायरीवर लाल खूण कर आणि शेजारी लिही: चूक कॅल्क्युलसची, की बीजगणिताची, की त्रिकोणमितीची. बहुतेक खुणा शेवटच्या दोन रकान्यांत पडतील.

उदाहरणार्थ, (साइन ३एक्स)² चा डेरिव्हेटिव्ह. इथं तीन थर आहेत: बाहेर वर्ग, आत साइन, त्याच्या आत ३एक्स. बाहेरून आत यायचं. २ साइन ३एक्स, गुणिले कॉस ३एक्स, गुणिले ३. शेवटचा ३ विसरलास तर चेन रूल कच्चा आहे, त्याचीच गणितं वाढव. पण तिथपर्यंत बरोबर येऊन ते ३ साइन ६एक्स होतं हे दिसलं नाही, तर कॅल्क्युलसला दोष देऊ नको. दुप्पट कोनाचं सूत्र विसरलंय, आणि त्यासाठी डेरिव्हेटिव्हचे दहा व्हिडिओ बघून काही होणार नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण असते. गोष्ट येत असते, फक्त तिचं इंग्रजी नाव परकं वाटतं. १ भागिले (एक्स² + ४एक्स + १३) चं इंटिग्रेशन घे. 'कम्प्लीटिंग द स्क्वेअर' म्हणजे वर्गसमीकरणात वर्ग पूर्ण करायचास तेच. छेद (एक्स + २)² + ३² होतो, आणि उत्तर १/३ टॅन इन्व्हर्स (एक्स + २)/३ अधिक सी. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही नावं शेजारीशेजारी लिहून ठेव: अवयव पाडणे आणि फॅक्टराइज, बहुपदी आणि पॉलिनॉमियल.

सीईटीत ८० मिनिटांत ६० प्रश्न होते, पर्याय घालून बघितले तरी चालायचं. आता गुण पायऱ्यांना आहेत. त्यामुळं उजळणीतसुद्धा प्रत्येक ओळ लिहायची सवय लाव.

पहिले दहा दिवस फक्त बीजगणित आणि त्रिकोणमितीला दे. उरलेल्यातला मोठा वाटा इंटिग्रेशनचा. लिमिटला तीन-चार दिवस पुरेत.

शहापूर_वही

वरचं सगळं बरोबर आहे. मी डेटाचं आणि साइट्सचं सांगते.

नेटवर्क चांगलं असेल त्या दिवशी पॉल्स ऑनलाइन नोट्सवरून कॅल्क्युलस वनच्या पीडीएफ उतरवून घे. करंट गेला तरी मोबाइलवर उघडतात. तिथं 'प्रॅक्टिस प्रॉब्लेम्स'ना पायरीनिशी उत्तरं आहेत. 'असाइनमेंट प्रॉब्लेम्स'ना नाहीत, तेव्हा एकट्यानं अभ्यास करताना त्यात अडकून बसू नको. बीजगणिताची उजळणी आणि नेहमी होणाऱ्या चुका यांचीही वेगळी पानं आहेत, ती पहिल्यांदा वाच.

खान अकॅडमीवर उलट्या बाजूनं जा: आधी युनिट टेस्ट दे, जे चुकेल तेवढाच व्हिडिओ बघ. ३६०पी ठेवलंस तर फळ्यावरचं वाचता येतं आणि डेटाही टिकतो. थ्रीब्लूवनब्राउनची कॅल्क्युलसची मालिका चित्र डोळ्यासमोर आणायला फार छान आहे, पण ती बघून सगळं कळल्यासारखं वाटतं आणि हात मात्र चालत नाही. एमआयटी ओपनकोर्सवेअरच्या १८.०१ या कॅल्क्युलसच्या कोर्समधल्या उत्तरांसकट दिलेल्या परीक्षा शेवटच्या आठवड्यात घड्याळ लावून सोडव.

या साइट्स अमेरिकन आहेत, म्हणून एक जपून. तिथं नॅचरल लॉगला 'एलएन' लिहितात. आपल्या पुस्तकात कॅल्क्युलसमध्ये नुसतं 'लॉग' म्हणजेच ते. पण कॅल्क्युलेटरवरचं लॉगचं बटण दहाच्या पायाचं असतं. १/एक्स चं १ ते २ इंटिग्रेशन ०.६९३ यायला हवं. ०.३०१ आलं तर बटण चुकलं.

आणि सब्स्टिट्यूशन. एक्स(एक्स² + १)³ चं ० ते २ इंटिग्रेशन करून बघ. यू = एक्स² + १ घेतलं की लिमिट्सही बदलतात: ० चा १ होतो, २ चे ५. उत्तर (६२५ − १)/८ = ७८. लिमिट्स जुन्याच ठेवल्या तर २ येतं. आता डेसमॉसवर हा आलेख काढ. एक्स = १ ला उंची ८ आहे आणि पुढं ती वाढतच जाते, म्हणजे १ ते २ मधलंच क्षेत्रफळ ८ च्या वर. उत्तर २ असूच शकत नाही. प्रत्येक डेफिनिट इंटिग्रलला अशी नजर टाकायची सवय लागली की निम्म्या चुका तुझ्या तूच पकडशील.

खानापूर_पीसीएम

ताई, लिमिट्स बदलायचं मी नेहमी विसरत होतो. अजून एक. पहिल्या सेमला पोलर कर्व्ह असतात म्हणतात, ते आत्ताच बघू का?

निपाणी_एमएस्सी

एकच गणित करून ठेव, तेवढ्यानं भीती जाईल. आर = ए(१ + कॉस थीटा). इथं आर म्हणजे मूळ बिंदूपासूनचं अंतर आणि थीटा म्हणजे कोन. दोन्ही बाजूंचा लॉग घे आणि डिफरन्शिएट कर. कॅल्क्युलस इथंच संपलं: डावीकडं कॉट फाय (फाय म्हणजे आरची रेषा आणि स्पर्शिका यांच्यातला कोन), उजवीकडं −साइन थीटा भागिले (१ + कॉस थीटा).

पुढं सगळी त्रिकोणमिती. वर २ साइन(थीटा/२) कॉस(थीटा/२), खाली २ कॉस²(थीटा/२). उरतं −टॅन(थीटा/२), म्हणजेच कॉट(९०° + थीटा/२). म्हणून फाय = ९०° + थीटा/२. मुलं अडतात ती या अर्ध्या कोनाच्या ओळीवर. ऋण टॅनचं कॉट करायचं सुचत नाही आणि गणित तिथंच थांबतं.

आता तूच आर = ए(१ − कॉस थीटा) कर. फाय = थीटा/२ यायला पाहिजे. मग दोन्ही फायची वजाबाकी करून बघ आणि हे दोन कर्व्ह एकमेकांना कुठल्या कोनात छेदतात ते इथं लिही.