बर्फापेक्षा पोटॅशियमचं काम मोठं

‘बायपासमध्ये हृदय बर्फात ठेवतात म्हणून टिकतं’ असं एकांनी लिहिलंय. अर्धंच बरोबर आहे. मी सोलापुरात हार्ट-लंग मशीन, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र चालवतो, म्हणून थोडी भर घालतो.

महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा लागला की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांत कार्डिओप्लेजिया सोडतात, म्हणजे भरपूर पोटॅशियम असलेलं, बहुधा ४ अंशांच्या आसपास गार केलेलं द्रावण. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी होत सपाट होते, हृदय सैल पडतं. नुसतं धडधडणं थांबलं तरी त्याची प्राणवायूची गरज ९० टक्क्यांच्या आसपास घटते. गारव्याने होते ती त्यावरची बचत. आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर चालत्या मागावर तुटलेला धागा सांधता येत नाही, आणि बंद मागाला वीजही लागत नाही.

१९५५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर मेलरोज यांनी हृदय थांबवायला पोटॅशियम सायट्रेट वापरलं होतं, पण ते इतकं तीव्र की स्नायूलाच इजा व्हायची. पद्धत मागे पडली. आता त्याहून सौम्य कार्डिओप्लेजिया वापरतात: सेंट थॉमस नावाचं द्रावण साधारण दर २० मिनिटांनी द्यावं लागतं, डेल निडो नावाच्या दुसऱ्याचा एक डोस तासाहून जास्त पुरतो. माझी पसंती डेल निडोला. सर्जनचा हात सारखा थांबवावा लागत नाही.

क्लॅम्प काढला की मात्र ऑपरेशन थिएटरात सगळे गप्प. हृदय थरथरतं, कधी शॉक द्यावा लागतो, मग एक ठोका. मग दुसरा. बाहेर नातेवाईक विचारतात, “साहेब, किती वेळ बंद होतं ओ?” ‘सत्तर मिनिटं’ म्हटलं की खुर्चीच शोधतात.