फाजच्या जनुकांना कार्य लावताना तीन ठिकाणी अडलोय, मदत हवी आहे

चकती:
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी शेतातल्या मातीतून एक फाज (जिवाणूंना लागण करणारा विषाणू) वेगळा केलाय. यजमान जिवाणू मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, जीनोम साधारण ५२ हजार बेसजोड्यांचा, शेपूट लांब आणि न आकसणारी. जनुकांच्या सुरुवाती ठरवून झाल्या. टर्मिनेज, पोर्टल, मुख्य कॅप्सिड, लायसिन ए वगैरे पटापट सापडले. गाडी अडलीये ती इथे:

१) मुख्य शेपूट प्रथिन आणि टेप मेजर (शेपटीची लांबी ठरवणारं प्रथिन) यांच्या मधे दोन छोटी जनुकं. पहिल्याला ब्लास्टमध्ये (सारखे क्रम शोधणारं साधन) कुठे 'टेल असेंब्ली शॅपरोन' (शेपूट जुळवायला मदत करणारं), कुठे 'हायपोथेटिकल' (कार्य अज्ञात). दुसऱ्याला धड सुरुवातीचा कोडॉनच नाही. काढून टाकू का?
२) लायसिन बीच्या (पेशीचं आवरण फोडणारं प्रथिन) पुढे १२० अमिनो आम्लांचं प्रथिन, पटलातून आरपार जाणारे दोन भाग. सॉफ्टवेअरने परस्पर 'होलिन' (पटलाला भोकं पाडणारं प्रथिन) लावलंय.
३) आणखी एका प्रथिनाला एचएचप्रेडमध्ये (दूरची साम्यं शोधणारं साधन) रिप्रेसरशी (जनुकं बंद ठेवणारं प्रथिन) ९८ टक्के शक्यता, पण जुळणी २१२ पैकी ४६ अमिनो आम्लांपुरती.

गाइड म्हणतात, ब्लास्टचं पहिलं नाव टाक आणि मोकळा हो. पटत नाहीये, पण बोलायला हाताशी काहीतरी हवं.

जुनाट पिपेट:
अहो, ते दुसरं जनुक मुळीच काढू नका! लांब शेपटीच्या फाजांत टेप मेजरच्या आधी ही जोडी बहुतेक वेळा असतेच. दुसऱ्याला स्वतःची सुरुवात लागत नाही. रायबोसोम पहिलं जनुक वाचत येतो, शेवटाजवळ एका घसरड्या जागी एक बेस मागे सरकतो आणि पुढचं दुसऱ्या चौकटीत वाचतो. लॅम्डा नावाच्या फाजात ती जागा जी-जी-जी-ए-ए-ए-जी आहे. तिथे घसरण जेमतेम ४ टक्के वेळा होते, म्हणून पहिल्या जनुकाचं जी प्रथिन भरपूर आणि दोन्ही जोडून बनलेलं लांबट जीटी थोडंसं. तुमच्या पहिल्या जनुकाचा स्टॉप कोडॉन येण्याआधीचे बेस डोळ्यांनी वाचून काढा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. अशी जागा सापडली तर दोन्हींना 'टेल असेंब्ली शॅपरोन' बेलाशक लिहा. हा क्रम लॅम्डापासून मायकोबॅक्टेरियमच्या फाजांपर्यंत टिकलाय, म्हणून इथे शेजार हा पुरावा धरता येतो.

होलिनला तो न्याय लावू नका. लायसिनच्या आसपास पटलातली प्रथिनं दोन-तीनही निघतात, त्यातलं होलिन कोणतं हे नुसत्या जागेवरून कळत नाही. 'मेम्ब्रेन प्रोटीन' लिहा.

तिसऱ्यात ती ४६ अमिनो आम्लं म्हणजे बहुधा हेलिक्स-टर्न-हेलिक्सचा, म्हणजे डीएनएला धरणारा तुकडा. तो लॅम्डाच्या रिप्रेसरकडे आहे तसा त्याच्या विरोधात काम करणाऱ्या क्रो प्रथिनाकडेही आहे. तेव्हा 'हेलिक्स-टर्न-हेलिक्स डीएनए बाइंडिंग प्रोटीन' एवढंच. ९८ टक्के त्या तुकड्यापुरते आहेत, अख्ख्या प्रथिनाचे नाहीत.

गाइडना सांगा, ब्लास्टचे वीस हिट म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. ई-व्हॅल्यू (जुळणी निव्वळ योगायोगाची नाही ना, ते दाखवणारा आकडा) क्रम जुळतो एवढंच सांगते, नाव बरोबर आहे का ते नाही.

आगरप्लेट:
+१. टेप मेजरही पडताळून घ्या. एका अमिनो आम्लामागे शेपटीची लांबी साधारण ०.१५ नॅनोमीटर भरते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो आहे का? आणि चकत्या (फाजने जिवाणू मारल्यामुळे प्लेटवर पडलेले डाग) गढूळ आहेत की स्वच्छ? गढूळ असतील तर लायसोजेन (फाजचा डीएनए पोटात घेऊन जगणारा जिवाणू) काढून त्याच्यावर हाच फाज पुन्हा टाकून बघा. लायसोजेन तगला तर निदान फाजमध्ये रिप्रेसर आहे हे तरी कळेल. कोणतं जनुक, ते वेगळं शोधावं लागेल.

चकती:
दोघांचेही आभार! स्टॉपच्या थोडं आधी जी-जी-जी-ए-ए-ए-ए सापडलं. टेप मेजर १,१९८ अमिनो आम्लांचा, म्हणजे १८० नॅनोमीटरच्या आसपास. फोटोतही शेपूट तेवढीच दिसतेय. चकत्या गढूळ आहेत, लायसोजेन काढायला घेतो. आता एकच, दोन तुकडे जोडून लिहिताना तो घसरलेला बेस दोनदा मोजायचा ना?

जुनाट पिपेट:
हो, दोनदाच. पहिला तुकडा ज्या बेसवर संपतो त्याच बेसपासून दुसरा सुरू करा. मग एकूण लांबीला ३ ने भाग जातो का आणि मधे स्टॉप येत नाही ना, ते बघा. भाग गेला नाही तर बेस दोनदा मोजला गेला नाहीये, किंवा सुरुवात-शेवट चुकलाय.